फाटकाबाहेरच थांबा

वाचकहो, डुक्कर आजारी पडले की माणूस आधी औषध विचारतो. मला तर लग्नात, बाजारात, एस.टी.त, कुठेही गाठून विचारतात, "वहिनी, डुकराच्या तापावर कुठलं इंजेक्शन चालतं?" मी उलट विचारते, "कुठल्या तापावर?" पावसात भिजून डुकराला सर्दी होते, फुफ्फुस सुजते, पिल्लांना हगवण लागते. या सगळ्यांवर औषध आहे आणि डॉक्टर वेळेवर आले तर जनावर उठून उभे राहते. पण जो ताप आठ-दहा दिवसांत सगळी शेड रिकामी करतो, त्यावर औषध नाही. आपल्याकडेच नाही असे नव्हे, जगात कुठेच नाही. त्याला अडवायची जागा म्हणजे आपल्या वाड्याचे फाटक. म्हणून आज औषधाच्या बाटलीबद्दल थोडे आणि फाटकाबद्दल जास्त लिहिणार आहे.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, नीरा उजव्या कालव्याच्या भागात. ऊस, मका, थोडी ज्वारी. २०११ साली आमच्या ह्यांनी दोन यॉर्कशायर माद्या आणल्या, तेव्हा सासूबाई आठ दिवस माझ्या हातचे जेवल्या नाहीत. गावाची कुजबुज निराळीच. आज आठ माद्या आहेत, आणि कुजबुजणाऱ्यांपैकी दोघांनी पिल्ले माझ्याकडूनच नेली. या धंद्याची बाराखडी मला पुस्तकाने शिकवली नाही. गावाबाहेर पालात राहणाऱ्या एका वडार आजीने शिकवली. वडार, कैकाडी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या डुकरे राखली आणि आपण गावकऱ्यांनी त्यांना त्यावरून नावे ठेवली. ही आजी डुकराच्या तोंडाकडे न पाहता शेपटीकडे पाहायची. "शेपटीचा पीळ सुटला की समज बाई, आत काहीतरी बिघडलंय." पुढे आमच्या डॉक्टरांना हे सांगितले तर ते म्हणाले, थर्मामीटर नंतर लावा, आधी शेपूट बघा, आजी बरोबर सांगते.

तेव्हापासून माझा नेम आहे. सकाळी खुराक टाकण्याआधी दोन मिनिटे नुसते उभे राहायचे. भांड्याचा आवाज झाला की निरोगी डुक्कर ओरडत पुढे येते. जे येत नाही, कोपऱ्यात दुसऱ्याच्या अंगावर अंग टाकून पडते, ज्याची शेपूट सैल लोंबते, त्याच्यावर खूण करायची आणि ताप बघायचा. डुकराचे अंग मुळातच माणसापेक्षा गरम असते. १०२, १०३ अंशांना घाबरू नका. पारा १०५ च्या वर गेला तर मात्र त्या दिवशी दुसरे काम काढू नका.

आता बादलीकडे वळू. डुकरे पाळण्याच्या खर्चात निम्म्याहून कितीतरी अधिक खर्च खुराकाचा. मका भरडा, शेंगदाणा पेंड, गव्हाचा कोंडा, सगळ्यांचे भाव तुम्हाला ठाऊक आहेत. त्यामुळे तालुक्याच्या हॉटेलातले आणि मंगल कार्यालयातले खरकटे आणायचा मोह होतो. आणावे, मी नको म्हणत नाही. पण त्या पिंपात मटणाच्या ताटातले काय काय असते याचा नेम नाही. आजारी डुकराचे मांस कुठल्या तरी स्वयंपाकघरात आले, त्याचे कच्चे तुकडे, धुतल्याचे पाणी पिंपात पडले, की दोनशे मैलांवरचा रोग तुमच्या गव्हाणीत. 'आफ्रिकन स्वाईन फीव्हर' या रोगाची पहिली नोंद १९२१ साली केनियात झाली. पुढे २००७ साली तो जॉर्जिया देशात शिरला. बंदराला लागलेल्या जहाजांवरचे खरकटे डुकरांच्या तोंडी गेले आणि तिथून रोग पसरला, असे तज्ज्ञ मानतात. ऑगस्ट २०१८ मध्ये तो चीनमध्ये पोचला आणि २०२० साली आपल्या आसाम-अरुणाचलात. हजारो मैलांचा हा प्रवास. डुक्कर काही एवढे चालत नाही. माणसाने नेले, गाडीने नेले, शिळ्या अन्नाने नेले.

म्हणून खरकटे उकळल्याशिवाय द्यायचे नाही. कोमट करून चालत नाही. उकळी फुटल्यापासून अर्धा तास, अधूनमधून ढवळत. आम्ही जुन्या डांबराच्या पिंपाला खालून चूल केली आहे, उसाचे पाचट आणि बुरकुंडे जाळतो. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. कच्चे खरकटे ज्या बादलीने आणले ती बादली आणि तो लाकडी दांडा शिजलेल्यात बुडवू नका. आमच्याकडे कच्च्याची बादली लाल आणि शिजलेल्याची निळी. घरात चार वर्षांच्या नातवालाही ते पाठ आहे.

तुम्ही म्हणाल, साथ काय रोज येते? खरे आहे. धंदा रोजच्या रोज पोखरला जातो तो पिल्लांच्या पहिल्या आठ दिवसांत. मादी ११४ दिवसांनी विते. जुनी माणसे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असा हिशोब सांगतात, तो तंतोतंत जुळतो. दहा-बारा पिल्ले होतात, आणि महिन्याने मोजायला जावे तर सहाच. लोक म्हणतात, "दृष्ट लागली." दृष्ट नाही लागत. चार आईखाली चेंगरतात, गारठतात, नाहीतर रक्त कमी होऊन जातात.

डुकराचे पिल्लू उघडे-नागडे जन्मते. अंगावर लव विरळ, कातडीखाली चरबी नाही. पहिल्या आठवड्यात त्याला तीस अंशांच्या वरची ऊब हवी असते, आणि आईला तर त्या उकाड्यात धाप लागते. एकाच खोलीत दोन ऋतू करावे लागतात. कोपऱ्यात पिल्लांना जाता येईल आणि आईला जाता येणार नाही अशी जागा अडवा. खाली गोणपाट, वर पिवळा दिवा, दिवा पिल्लांच्या उडीला लागणार नाही एवढ्या उंचीवर. ऊब नीट आहे का हे पिल्लेच सांगतात. ढीग करून निजली तर थंडी वाजते आहे, दिव्यापासून लांब पळाली तर जास्त झाले, शेजारी शेजारी पसरून निजली तर उत्तम. भिंतीच्या कडेने, जमिनीपासून आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडून लोखंडी पाईप बसवा. आई भिंतीला टेकून बसताना पिल्लाला निसटायला तेवढी फट पुरते.

जन्मल्या जन्मल्या पिल्लू आचळाला लावायचे. गाईच्या वासराला जसा चीक, तसाच याला. आईच्या पोटात असताना रोगाशी झगडण्याची ताकद त्याला मिळत नाही, ती सगळी चिकातून येते, आणि पहिल्या दिवसानंतर त्याचे आतडे ती शोषूनच घेत नाही. रात्री दोनला मादी व्याली तर रात्री दोनलाच उठायचे. सकाळी बघू म्हणणाऱ्याने शेळ्या पाळाव्यात. (शेळीवाल्या भगिनींनी रागावू नये, शेळीच्या करडालाही चीक लागतोच, पण ती बापडी दोन-तीनच देते!)

आणि लोह. पिल्लाला रोज सात मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागते, आईच्या दुधातून एकच मिलिग्रॅम मिळते. उकिरड्यावर, ओढ्याकाठी वाढणारे गावठी पिल्लू माती उकरते, तिथून त्याचे भागते. आपण हौसेने सिमेंटचा कोबा केला, रोज धुतला, आणि स्वच्छतेपायीच पिल्ले पांढरीफटक पडायला लागली. कान उन्हात धरून पाहा, लाल शिरा दिसायला हव्यात. दिसत नसतील आणि पिल्लू भात्यासारखा श्वास टाकत असेल तर रक्त कमी आहे. वडार आजी कोपऱ्यात तांबडी माती टाकायची. ती अडाणी समजूत नव्हती, बरे का. आता तिसऱ्या दिवशी मानेत लोहाचे इंजेक्शन मिळते, दोनशे मिलिग्रॅमचे, किंमत एका चहा-भजीएवढी. मी इंजेक्शन तर देतेच, वर मातीही टाकते, मात्र जिथे कधी डुक्कर फिरले नाही अशा वरच्या शेतातली. सुई प्रत्येक वेताला नवी, आणि एका घरची सुई दुसऱ्या घरी नाही. रोग सुईच्या टोकावरूनही फाटक ओलांडतो.

खरूज आणि जंत यांचे थोडक्यात. दोन्ही आईकडून पिल्लांना जातात, म्हणून आईला विण्याआधी दोन आठवडे डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध द्या. त्या औषधाचा अंश मांसात काही दिवस राहतो, तेव्हा विक्रीच्या जनावराला देताना किती दिवस थांबायचे ते विचारून घ्या.

ज्यांच्या घरी डुकरांबरोबर बैल आणि म्हशी आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे. लाळ्या-खुरकत झालेले डुक्कर श्वासातून जेवढे विष हवेत सोडते, तेवढे बैल सोडत नाही, कितीतरी पटींनी जास्त. गोठ्यातल्या जनावरांना लस टोचली आणि डुकरांना वगळले, असे अर्धवट करू नये. डॉक्टर लाळ्या-खुरकतची लस घेऊन आले की डुकरेही दाखवा. आणि शेडच्या भिंतीला भिंत लावून गोठा बांधू नका.

एक गोष्ट बायाबापड्यांशी बोलायची राहून जाते, ती इथे स्पष्ट लिहिते. डुकराच्या मांसात कधी कधी साबुदाण्याएवढे पांढरे दाणे सापडतात. ती पट्टकृमीची पिल्लावळ. लोक म्हणतात, डुकराने माणसाला किडा दिला. पण आधी माणसाने डुकराला दिलेला असतो. तो किडा माणसाच्या आतड्यात राहतो, त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात, मोकळे फिरणारे डुक्कर ती खाते, आणि मग त्याच्या मांसात ते दाणे होतात. असे मांस कच्चेपक्के खाल्ले की माणसाच्या पोटात पुन्हा किडा. याहून वाईट म्हणजे ती अंडी न धुतलेल्या भाजीतून, न धुतलेल्या हातातून माणसाच्या पोटात गेली तर दाणे माणसाच्या मेंदूत होऊ शकतात आणि चांगल्या माणसाला फिट्स येऊ लागतात. आयुष्यात मांसाला न शिवलेल्या माळकऱ्यालाही हे होऊ शकते. संडास वापरणे, डुकरे बंदिस्त ठेवणे आणि मांस पूर्ण शिजवणे, एवढ्याने ही साखळी तुटते. ज्याच्या घरी वराहपालन आणि ज्याचा पोरगा उघड्यावर बसतो, त्याने डॉक्टरांना दोष देऊ नये.

आता त्या तापाकडे येते. नावांचा घोळ आधी सोडवते. 'स्वाईन फ्लू' वेगळा. २००९ साली पुण्यात ज्याची साथ आली तो माणसाकडून माणसाला होत होता, मांस खाऊन नव्हे, तरी त्या वर्षी डुकराला कोणी गिऱ्हाईक नव्हते. 'स्वाईन फीव्हर' मात्र डुकरांचा, आणि त्याचे दोन प्रकार. एक जुना, साधा. दुसरा आफ्रिकन. दोन्ही माणसाला होत नाहीत. दोन्हींची लक्षणे इतकी सारखी की नुसत्या डोळ्यांनी डॉक्टरही सांगू शकत नाही, प्रयोगशाळाच सांगते. फरक असा की साध्याला लस आहे. ती लस पूर्वी सशांपासून करत आणि नेहमी तोटा असे. २०२० साली इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने सशांवाचून होणारी लस आणली. पिल्ले दोन महिन्यांच्या आसपास झाली की ती टोचून घ्यावी, नक्की कधी ते डॉक्टर ठरवतील, आणि पुढे दर वर्षी. लस आणताना बर्फात आणा. स्कूटरच्या डिकीत तापलेली लस म्हणजे पाण्याची टोचणी. आफ्रिकन तापाला मात्र आपल्या बाजारात लस नाही.

२०२२ च्या जुलैत केरळातल्या वायनाडमध्ये आणि ऑगस्टमध्ये मध्य प्रदेशात रीवा इथे आफ्रिकन ताप सापडला. त्याच ऑगस्टमध्ये आपल्याकडे गाईंना लम्पी लागली. जनावरांचे बाजार बंद झाले, डॉक्टर मंडळी सकाळपासून रात्रीपर्यंत गोठ्यांतून लस टोचत फिरत होती. अशा दिवसांत आमच्या बांधापलीकडे जे घडले ते लिहू की नको, असे बरेच दिवस मनात होते. माझी धाकटी चुलत जाऊ तिथे राहते. शेवटी तीच म्हणाली, "आक्का, लिवा. माझं नाव घालू नका, बाकी समदं लिवा."

बाजार बंद म्हणून भाऊजींनी एका व्यापाऱ्याच्या टेम्पोतून दोन तरण्या माद्या घेतल्या. कुठल्या गावच्या, लस झालेली की नाही, काही ठाऊक नाही. त्याच संध्याकाळी त्या घरच्या तेवीस जनावरांत सोडल्या. नवे जनावर महिनाभर निराळे बांधावे, त्याचे खाणेपिणे घरच्यांच्या नंतर करावे, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. बाराव्या दिवशी चार जनावरांनी तोंड लावले नाही. ढीग करून पडली. कानांच्या कडा आणि पोट जांभळे, मागचे पाय चालताना एकमेकांत अडकत. दोन दिवसांत तीन मेली.

जाऊ धावत आमच्याकडे निघाली, आणि मी तिला बांधावरच थांबवले. आमच्यात पिठामिठाची देवघेव, तिच्या पोरी माझ्याच घरात वाढलेल्या. तिला "पुढे येऊ नकोस, तिथूनच बोल" म्हणताना जीभ जड झाली. तिचे तोंड उतरले. पण तिच्या चपलेला जे लागले होते ते मला दिसत नव्हते आणि तिलाही दिसत नव्हते. मग पुढचे दोन महिने आमचे सगळे बोलणे बांधावरून, नाहीतर फोनवरून. घटस्थापनेला मी तिच्याकडे गेले नाही, ती माझ्याकडे आली नाही.

त्या दिवशी बांधावरून तिने एकच विचारले. "आक्का, सरकारात कळवू का?" या प्रश्नात काय होते ते सांगते. रोग आफ्रिकन निघाला, तर नियमाप्रमाणे एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरे मारून पुरायची, आजारी असोत की धडधाकट. तिची आणि माझी शेड यांत दोनशे पावलांचे अंतर. माझ्या आठ माद्या, पिल्ले, विक्रीला तयार अकरा डुकरे, सगळी त्यात आली असती. हे तिला ठाऊक होते, मलाही. ह्यांना विचारले तर हे ओसरीवर बसून राहिले, हो नाही की नाही नाही. त्या रात्री आमच्या घरात कोणी झोपले नाही. पहाटे दिवा लावून मी एकेक मादी पाहून आले. सकाळी बांधावर जाऊन म्हटले, "कळव."

२००९ चा कायदा आहे. असा साथीचा संशय आला तर मालकाने ग्रामपंचायतीत किंवा गावकामगाराकडे कळवायचे असते. शेतकऱ्याच्या पदरात पडणारी गोष्टही सांगते. आफ्रिकन तापात सरकारने मारलेल्या डुकराची वजनाप्रमाणे भरपाई मिळते, आपोआप मेलेल्याची मिळत नाही. म्हणजे लपवून ठेवणाऱ्याचे रोज एकेक करून फुकट जाते. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा फोन आहे, तो कपाटाच्या दारावर लिहून ठेवा.

डॉक्टर त्या दिवशी लम्पीच्या लसीकरणात होते, यायला रात्र होणार होती. दुपारी मात्र न बोलावता दुसरे कोणी आले. तोच टेम्पो. त्याला वास कसा लागला देव जाणे. "मेल्यावर मातीच आहे दादा. आत्ता चालती-फिरती आहेत तोवर निम्म्या भावात उचलतो, रोख." सोसायटीचा हप्ता तोंडावर, थोरलीची वसतिगृहाची फी द्यायची. भाऊजींनी चार डुकरे टेम्पोत चढवली. जाऊ विहिरीवरून आली आणि टेम्पोच्या पुढे उभी राहिली. "उतरवा म्हंते ना. ही ज्येच्या दारात जातील त्येच्याबी घरात लेकरं हाईत." व्यापारी वाटेल ते बोलला. भाऊजी गप्प. शेवटी चारही उतरवली. त्यांतली दोन त्याच रात्री तिच्या डोळ्यांदेखत मेली. तेव्हा भाऊजी तिला काय बोलले असतील ते मी विचारले नाही.

डॉक्टर रात्री नऊला आले. दुसऱ्या गोठ्यांतून आले म्हणून फाटकाबाहेर बूट बदलले, हे मी बांधावरून पाहिले आणि माझा जीव थोडा खाली पडला. त्यांनी रक्त घेतले, मेलेल्याची पानथरी काढून बर्फात ठेवली. नमुने पुण्याला औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागात आणि तिथून भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात. उत्तर येईपर्यंत दोन्ही घरांतून एक जनावर, एक पोते, एक खताची पाटीही हलवायची नाही. मेलेली पुरुषभर खोल खड्ड्यात, विहिरीपासून दूर, वरखाली चुना टाकून पुरायची. ओढ्यात टाकायची नाहीत आणि कुत्र्यांना मिळू द्यायची नाहीत.

उत्तर आले. साधा स्वाईन फीव्हर. आमच्या घरी ह्यांनी देवापुढे नारळ फोडला, आणि मला मात्र तो आवाज पलीकडे जाईल म्हणून कसेसे झाले. तिची पंचवीसपैकी एकोणीस गेली. साध्या तापाची म्हणून भरपाई नाही, विमा उतरवलेला नव्हता. (डुकरांचाही विमा होतो, दवाखान्यात चौकशी करा.) उरलेली सहाही डॉक्टरांनी पैदाशीला ठेवू दिली नाहीत, कारण वाचलेले जनावर वरून चांगले दिसले तरी आतून रोग बाळगू शकते. माझ्या डुकरांना वैशाखात लस झाली होती, त्यांतले एकही पडले नाही. पण साथ पूर्ण शमेपर्यंत सहा आठवडे मी ती तयार अकरा डुकरे विकली नाहीत. एकेकाला रोज तीन किलो खुराक. जवळजवळ चौदा क्विंटल खुराक त्यांनी वाढीव खाल्ला, आणि वजनदार झाली म्हणून व्यापाऱ्याने वर भाव पाडला. हा खर्चही फाटकाच्याच खात्यावर लिहायचा, दुसरीकडे लिहायला जागा नाही.

जाऊने दिवाळीनंतर शेड धुवायला काढली. आधी सगळी घाण खरवडून जाळली, मग साबणाच्या पाण्याने घासले, मग कॉस्टिक सोड्याचे पाणी, मग चुना. हा क्रम लोक उलटा करतात. शेणावर फिनेल ओतले तर फिनेल वाया जाते आणि शेणाखालचा रोग तसाच राहतो. कॉस्टिक सोडा हाताला भाजतो, गमबूट आणि रबरी हातमोजे घालूनच वापरा. मग तिने सबंध हिवाळा आणि उन्हाळा शेड रिकामी ठेवली. २०२३ च्या पावसाळ्यात दोनच पिल्ले आणली, माझ्याकडची, लस टोचलेली. ती महिनाभर नीट राहिली तेव्हा आणखी चार. भाऊजी पूर्वी शेजारच्या गावातून वळू डुक्कर उसना आणत, तोही आता बंद. घरचाच नर ठेवला आहे.

गेल्या महिन्यात आमच्या पाच पिल्लांचे वजन करायला तिचा काटा हवा होता म्हणून गेले. तिने फाटकाला आतून कडी घातली होती. बाहेर चुन्याचे पाणी भरलेली पाटी, खुंटीला दोन जोड गमबूट, आणि वर पत्र्यावर थोरल्या पोरीने रंगाने लिहिलेले, "आत येऊ नये, हाक मारा." मी हाक मारली. जाऊ आली, काटा फाटकावरून दिला, म्हणाली, "आक्का, परत देताना धुऊन द्या हां." मग तिने चहाही फाटकावरूनच दिला, आणि आम्ही दोघी मक्याच्या भावावर अर्धा तास बोलत उभ्या राहिलो, ती आत, मी बाहेर.